हवानातील बार आणि रात्रजीवन

क्यूबाची राजधानी हवाना येथील जुनी पानगृहे, नाचाचे अड्डे, जॅझ क्लब आणि समुद्रकाठच्या बैठका मिळून झालेली रात्रीची संस्कृती. शहर आजच्या जागी 1519 मध्ये वसले. त्याचा जुना भाग आणि तटबंदी 1982 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. दारू जगात सगळीकडे मिळते. हवानाचे वेगळेपण आहे ते तिथल्या कान्तिनेरोत, म्हणजे काउंटरमागे उभे राहून पेय बनवणाऱ्या माणसात. गेल्या शंभर वर्षांत इथल्या बारचे मालक, कायदे, चलन आणि गिऱ्हाईक अनेकदा बदलले. एकाने दुसऱ्याच्या हाताखाली उभे राहून हात बसवायचा, ही रीत मात्र टिकून राहिली.

रात्र झाल्याची वर्दी इथे तोफ देते. बंदराच्या तोंडाशी असलेल्या ला काबान्या किल्ल्यावरून रोज रात्री 9 वाजता ती डागली जाते. स्पॅनिश अमलात तोफ झाली की शहराच्या वेशी बंद होत आणि बंदराच्या मुखावर साखळी ओढली जाई. 1863 मध्ये तट पाडायला सुरुवात झाली. वेशी गेल्या, तोफ राहिली. आजही जुन्या काळचा गणवेश घातलेले सैनिक बत्ती देतात आणि आवाज ऐकून जुन्या हवानातली माणसे घड्याळ लावून घेतात.

याच तटाच्या मोन्सेर्राते वेशीजवळ 1817 मध्ये ‘ला पिन्या दे प्लाता’, म्हणजे ‘चांदीचा अननस’, नावाचे दुकान निघाले. तेच पुढे फ्लोरिडिता झाले आणि ओबिस्पो रस्त्याच्या टोकाला अजून चालू आहे. 1914 मध्ये कोन्स्तान्तिनो रिबालाइगुआ हा स्पेनमधला कातालान माणूस तिथे कामाला लागला आणि 1918 मध्ये मालक झाला. गिऱ्हाइके त्याला कोन्स्तान्ते म्हणत. डायकिरी हे पेय त्याने शोधले नाही. ते पूर्व क्यूबातल्या सान्तियागो शहराजवळच्या त्याच नावाच्या खाणगावातले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. रम, लिंबू, साखर, बर्फ, एवढीच सामग्री. कोन्स्तान्तेने लक्ष घातले ते बर्फात. त्याचा चुरा तो इतका बारीक करून घेई की पेय पेल्यात भुसभुशीत उभे राही आणि शेवटच्या घोटापर्यंत पाणचट होत नसे. 1939 पासून शहराबाहेरच्या फिन्का विहिआ या घरात राहणारा अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे इथला नेहमीचा. त्याच्यासाठी साखर वगळून, दुप्पट रम आणि ग्रेपफ्रूटचा रस घालून जे बनवले जाई ते ‘पापा दोब्ले’ म्हणून ओळखले गेले. काउंटरच्या कोपऱ्यात त्याचा ब्राँझचा पुतळा 2003 पासून टेकून उभा आहे आणि पर्यटक त्याच्याशी फोटो काढायला रांग लावतात. डोळे भरून पाहावेत ते पलीकडे लाल पोशाखात उभ्या असलेल्या कान्तिनेरोंचे हात.

या कारागिरीला पैसा आणि प्रसिद्धी मिळाली ती शेजारच्या देशातील दारूबंदीमुळे. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूला मनाई होती आणि फ्लोरिडाचे दक्षिण टोक हवानापासून जेमतेम 170 किमी. बोटी भरभरून तहानलेली माणसे येऊ लागली. स्पेनहून आलेल्या होसे आबेआल याचा ‘स्लॉपी जोज’ हा बार त्या लाटेवर मोठा झाला. त्याचा महोगनीचा काउंटर सुमारे 18 मीटर लांब होता. तो 1960 च्या दशकात बंद पडला आणि जुन्या हवानाच्या जीर्णोद्धारात 2013 मध्ये पुन्हा उघडला. दारूबंदीच्याच काळात, 1924 मध्ये, इथल्या कान्तिनेरोंनी आपली संघटना काढली. पेय बनवणे हा पोटापाण्याचा जोडधंदा नसून शिकून घ्यायची विद्या आहे, हा आग्रह तिने धरला. हवानाच्या बारच्या इतिहासात कोणत्याही पाहुण्या लेखकापेक्षा या संघटनेचे स्थान वर आहे. कान्तिनेरोची ओळख पटते ती ‘ओतण्या’वरून. एक हात डोक्याच्या वर, दुसरा कमरेखाली. वरच्या भांड्यातून पेय पातळ धारेने खालच्या भांड्यात पडते, बर्फ मात्र वर गाळणीपाशी अडून राहतो. चार-पाच वेळा असे केले की पेय गार होते, त्यात हवा मिसळते आणि चव मोकळी होते.

मोहितो या रमच्या पेयाचे घर म्हणजे एम्पेद्रादो रस्त्यावरची ला बोदेगिता देल मेदियो. ‘बोदेगा’ म्हणजे किराणा दुकान. हवानात अशी दुकाने सहसा रस्त्याच्या कोपऱ्यावर असत, हे मात्र मध्येच. म्हणून ‘मधले दुकान’. आन्हेल मार्तिनेसने ते 1942 मध्ये घेतले. धान्य-मीठमिरचीच्या जोडीला जेवण आणि पेय सुरू झाले, लेखक-छापखानेवाल्यांची ऊठबस वाढली आणि 1950 मध्ये लोकांच्या तोंडचे नाव अधिकृत झाले. भिंतींवर छतापर्यंत सह्याच सह्या आहेत. हेमिंग्वेच्या सहीचा या जागेची तारीफ करणारा मजकूर इथे चौकटीत लावला आहे. तो खरोखर त्याचा आहे का, याविषयी अभ्यासकांना रास्त शंका आहे. त्यापेक्षा काउंटरकडे पाहावे. ओळीने पेले मांडलेले. प्रत्येकात साखर, लिंबाचा रस आणि येर्बाब्युएना, म्हणजे आपल्या पुदिन्याच्या कुळातली काडी, देठासकट. लाकडी दांड्याने ती फक्त दाबायची, वाटायची नाही. पाने चुरली की कडवटपणा उतरतो. मग सोडा, बर्फ, आणि शेवटी रमची बाटली आडवी करून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच न थांबणारी धार.

ही रम उसाच्या मळीपासून होते. पांढरी, हलकी क्यूबन रम घडवणाऱ्या उस्तादांना ‘माएस्त्रो रोनेरो’ म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या हाती आलेले त्यांचे ज्ञान युनेस्कोने 2022 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. नवी बाटली फोडली की पहिला थेंब जमिनीवर सांडतात. तो संतांचा, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी संतांच्या नावाआड जपलेल्या दैवतांचा.

1950 च्या दशकातली हवाना झगमगाटासाठी ओळखली जाते. त्रोपिकाना हा उघड्या आभाळाखालचा क्लब 1939 च्या अखेरीस सुरू झाला. माक्स बोर्हेस या वास्तुरचनाकाराने त्यासाठी उभारलेल्या काँक्रीटच्या कमानी आणि त्यांतल्या काचा आजही थक्क करतात. पण या झगमगाटामागे जुगाराचा पैसा होता. अमेरिकन गुन्हेगारी टोळ्यांचे म्होरके डिसेंबर 1946 मध्ये ओतेल नासिओनालमध्ये जमले होते आणि 1957 मध्ये उघडलेले रिव्हिएरा हॉटेल त्यांच्यापैकी मायर लॅन्स्की याचे. अनेक उंची क्लबांत कृष्णवर्णीय माणूस मंचावर वाजवू शके, टेबलापाशी बसू शकत नसे. त्या काळाचे गोडवे गाताना हे विसरणे अन्यायाचे आहे.

त्याच काळी मारियानाओच्या समुद्रकाठी गरिबांच्या बारांची रांग होती आणि तिथे एल चोरी वाजवत असे. सिल्व्हानो श्वेग हे त्याचे नाव. तिम्बाल या तालवाद्याच्या जोडीला बाटल्या, तवे, जे हाताला लागेल ते तो वाजवी. दिवसा खडू घेऊन शहरभर भिंतींवर, फुटपाथवर तो आपले नाव लिहीत फिरे: ‘चोरी’. अमेरिकन नट मार्लन ब्रँडोसारखे लोक वाट वाकडी करून त्याला ऐकायला येत. पोस्टर छापायला पैसे नसलेल्या एका वादकाने अख्खे शहर आपली पाटी केले होते.

1 जानेवारी 1959 रोजी क्रांती होऊन हुकूमशहा बातिस्ता पळाला आणि लोकांनी जुगारखाने फोडले. बार मात्र चालू राहिले. खरा घाव 13 मार्च 1968 चा. ‘क्रांतिकारी मोहिमे’त सरकारने देशभरातील 50 हजारांहून अधिक लहान धंदे ताब्यात घेतले आणि हवानाचे खाजगी बार एका फटक्यात बंद झाले. काही पुढे सरकारी म्हणून उघडले, पण कोपऱ्याकोपऱ्यावरचे छोटे गुत्ते गेले ते गेलेच. सोव्हिएत संघ कोसळल्यावर 1990 च्या दशकात उपासमारीची वेळ आली, तेव्हा घरगुती खानावळींना परवानगी मिळाली. अट अशी की खुर्च्या 12 च. त्यांना ‘पालादार’ म्हणतात, आणि हे नाव एका ब्राझिलियन मालिकेतून आले. 2010 नंतर नियम सैलावले आणि जुन्या वाड्यांच्या माड्यांवर, गच्च्यांवर खाजगी बार दिसू लागले.

नव्या रात्रीचे केंद्र वेदादो हा भाग. 23 नंबरच्या रस्त्यावर एक लाल इंग्रजी टेलिफोन बूथ उभा आहे. त्याचे दार उघडून जिना उतरला की तळघरात जॅझ क्लब: ला सोर्रा इ एल कुएर्वो, म्हणजे कोल्हीण आणि कावळा, तीच गोष्ट जी आपण लहानपणी ऐकली. जागा चिंचोळी, छत बुटके. ट्रम्पेटवाला पुढच्या टेबलाच्या अगदी अंगावर. गातो त्वेर्तो, म्हणजे काणा बोका, हा 1960 पासूनचा ठिकाणा बोलेरो आणि ‘फिलिन’ या हळव्या गायकीचा. 2014 मध्ये एक्स आल्फोन्सो या संगीतकाराच्या पुढाकाराने जुन्या तेल गिरणीत फाब्रिका दे आर्ते कुबानो, म्हणजे क्यूबन कलेचा कारखाना, सुरू झाली. एका दालनात चित्रे, दुसऱ्यात नाटक, तिसऱ्यात बँड, मधूनमधून बार. आत शिरताना एक कार्ड हातात मिळते, प्यायलेले त्यावर नोंदले जाते आणि पैसे बाहेर पडताना द्यायचे.

या बारांतला एक पेला अनेक हवानावासीयांच्या खिशाला परवडत नाही. त्यांचा बार म्हणजे मालेकोन, 1901 मध्ये बांधायला घेतलेला सुमारे 8 किमी लांबीचा समुद्राचा कठडा. ऑक्टोबर 2024 मध्ये देशाची वीजव्यवस्था कोलमडून सारे शहर अंधारात गेले, आणि नंतरही तासन्‌तास वीज नसणे चालूच राहिले. उकाड्याने घर नकोसे झाले की माणसे कठड्यावर येऊन बसतात. एखाद्याकडे गिटार असते, एखाद्याकडे बाटली. पेला असतोच असे नाही. बाटली हातोहात फिरते, आणि त्याआधी पहिला थेंब दगडावर पडलेला असतो.