कोरम सेन्सिंग आणि त्यात घातलेला खोडा

बॅक्टेरिया बारीकसारीक केमिकल्स सोडत राहतात, त्यांचं प्रमाण वाढलं की आजूबाजूला आपली संख्या पुरेशी झाली हे त्यांना कळतं आणि मग सगळे एकदम कामाला लागतात, याला कोरम सेन्सिंग म्हणतात. अंगातून प्रकाश सोडणं, बायोफिल्म म्हणजे पृष्ठभागावर चिकटलेला बॅक्टेरियांचा थर बांधणं, विषारी द्रव्यं सोडणं अशी एकट्याने करून फायदा नसलेली कामं यात येतात. सोसायटीच्या सभेत कोरम भरला नाही तर अर्धा तास थांबून आहेत त्यांच्यात सभा उरकतात, इथे तशी सवलत नाही.

सुरुवात कुणापासून धरायची यावर एकमत नाही. नाव १९९४ चं, फुक्वा, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांच्या लेखातलं, एवढं नक्की. इतिहास मात्र बहुतेक जण १९७० पासून सांगतात, म्हणजे नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी विब्रिओ फिशेरी या समुद्री बॅक्टेरियावर केलेल्या कामापासून. कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले बॅक्टेरिया, विरळ असताना उजेड जवळपास नसतो, दाटी झाली की येतो, आणि दाट कल्चरमधलं वापरलेलं मीडियम (वाढीचं पोषक पाणी) नव्या कल्चरला दिलं तर तो लवकर येतो. पण टॉमाझ यांनी १९६५ मध्येच न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा बॅक्टेरिया बाहेरचा डीएनए कधी आत घेतो हे पेशींनीच सोडलेल्या हार्मोनसारख्या पदार्थावर ठरतं असं दाखवलं होतं, त्यामुळे पहिला मान तिकडे द्यायला हवा असं वाटतं. विब्रिओची ओळ सोयीची पडली कारण तिच्यात पुढचे धागे पटापट मिळाले, १९८१ ला सिग्नलचा रेणू आणि १९८३ ला त्यामागचे जीन्स. लक्स-आय प्रोटीन सिग्नल बनवतं, लक्स-आर तो पकडून जीन्स चालू करतं, त्यात लक्स-आयचा जीनही येतो म्हणून सिग्नल आणखी वाढतो. ग्रॅम-पॉझिटिव्ह या जाड भिंतीच्या बॅक्टेरियांमध्ये सिग्नलचं काम छोटी पेप्टाइड्स, म्हणजे प्रोटीनचे तुकडे करतात.

ही खरंच मोजणी आहे का, हाही वाद आहे. रेडफिल्ड यांनी २००२ मध्ये म्हटलं की पेशी फक्त आपलं सोडलेलं द्रव्य वाहून जातंय की साचतंय एवढंच बघते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कॉलराचा बॅक्टेरिया तर उलटाच वागतो, गर्दी झाली की रोग पसरवणारी जीन्स बंद करतो.

खोडा घालायच्या जागा तीन, सिग्नल बनू न देणं, बनलेला तोडणं, किंवा तो पकडणारं प्रोटीन अडवणं. मातीतल्या बॅसिलस या बॅक्टेरियाचं सिग्नल तोडणारं एन्झाइम, लॅक्टोनेज, २००० मध्ये कळलं आणि २००१ मध्ये तोच जीन घातलेल्या तंबाखू-बटाट्याने बॅक्टेरियामुळे होणाऱ्या मऊ सडीला तोंड दिलं. मंचर-खेडकडच्या बटाट्याच्या पोत्यात पावसाळ्यात चिकट पाणी सुटून घाण वास मारतो, ती बहुधा हीच सड.

पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) दोन्हीकडे मोठी कल्चर कलेक्शन्स, म्हणजे जपून ठेवलेल्या सूक्ष्मजीवांचे साठे आहेत, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टलाही हा विषय बरा पडतो. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा बॅक्टेरिया कोरम सेन्सिंगच्या सिग्नलवरच जांभळा रंग बनवतो, त्याची जांभळी प्लेट घ्यायची, लसूण किंवा हळदीचा अर्क लावायचा, रंग गेला की झालं. इथेच घोळ होतो. अर्काभोवती आरपार स्वच्छ गोल दिसला तर बॅक्टेरिया मेलेत, सिग्नल तुटलेला नाही, हवी ती पांढरट गढूळ वाढ, म्हणजे जिवंत पण बेरंग.

औषध म्हणून अजून नेहमीच्या वापरात काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या लाल शेवाळातली फ्युरॅनोन्स नावाची द्रव्यं सिग्नल अडवतात पण विषारी ठरतात, आणि सिग्नल अडवला तर रेझिस्टन्स येत नाही ही आशाही २०१२ मध्ये ढिली पडली, कारण स्यूडोमोनास या बॅक्टेरियाचे काही म्युटंट (जीन बदललेले प्रकार) फ्युरॅनोन पेशीतल्या पंपाने बाहेर फेकताना सापडले.