पाठीवरच्या मुलाची थंडी

पहाटे साडेपाचला बारी गावात गाड्या लावल्या तेव्हा बोलता बोलता तोंडातून वाफा निघत होत्या. चार कुटुंबं, आठ मोठी माणसं आणि पाच मुलं. सगळ्यांत लहान म्हणजे मित्राची साडेतीन वर्षांची मुलगी. हिवाळ्यात कळसूबाईला जायचं आणि या वेळी मुलांनाही न्यायचं, हे आमचं दिवाळीतच ठरलं होतं. १६४६ मीटर उंचीचं महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, बारीतून सुमारे आठशे मीटरची चढण, मध्ये लोखंडी शिड्या. मोठ्यांच्या पायाखालची वाट होती. मुलांच्या अंगाला ती कशी लागेल, याचा विचार मात्र आमच्यापैकी फारसा कुणी केला नव्हता.

"खालीच एवढं गारठलंय, तर वर काय होईल?" एका आईनं विचारलं. शाळेत शिकलेल्या हिशोबानं तिचं बरोबर होतं. एक किलोमीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे माथ्यावर पायथ्यापेक्षा पाचेक अंशांनी कमी. पण तासाभरानं उजाडताना आम्ही एका सपाटीवर पोचलो आणि सगळ्यांनी मफलर सैल केले. हवा चक्क उबदार होती. खाली बारीच्या शेतांवर धुक्याची पांढरी चादर होती.

हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री हे नेहमी घडतं. जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत राहते. ढगांचं पांघरूण नसल्यानं ती परत येत नाही. जमिनीला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड असते, आणि ती उतारावरून पाण्यासारखी ओघळत दरीत जाऊन साचते. मधल्या उतारावर तुलनेनं ऊब राहते. ही उलटी उतरंड सूर्य वर आल्यावर मोडते. म्हणून हिवाळ्यातल्या चढाईत पहिला तास सर्वांत थंड असू शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी मुलं अर्धवट झोपेत, उपाशी आणि न हलता बसलेली असतात.

पुढे चढ उभा होत गेला. मित्रानं मुलीला पाठीवरच्या कॅरियरमध्ये घेतलं होतं. त्याला घाम फुटला. त्यानं जॅकेट काढलं, आणि मायेनंच मुलीचीही कानटोपी काढून खिशात ठेवली. "उकडत असेल गं तुला," म्हणाला. ती काही बोलली नाही.

मला या लेखात जे सांगायचं आहे ते या एका कृतीत आहे. आपल्याला उकडतंय म्हणजे मुलालाही उकडत असेल, हा प्रत्येक आईबापाचा अंदाज असतो. डोंगरावर तो सपशेल चुकतो.

चढ चढणाऱ्या माणसाचे स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष कामी येतो. बाकी सगळी उष्णता होते. पाठीवर वजन घेऊन चढणारा प्रौढ माणूस बसल्या जागी असतानाच्या पाच-सहा पट उष्णता तयार करत असतो. पाठीवरचं मूल काय करत असतं? बसलेलं असतं. पंधरा किलोचं मूल निवांत बसलं असताना सुमारे चाळीस ते पन्नास वॅट उष्णता तयार करतं, घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. एकाच वाटेवर, एकाच वाऱ्यात एक भट्टी आणि एक बल्ब चाललेले असतात, आणि भट्टी आपल्यावरून बल्बाचा अंदाज बांधते.

त्यात भूमितीची भर. उकडलेले बटाटे ताटात काढून ठेवले की लहान बटाटा आधी गार होतो. वस्तू लहान होत जाते तसं तिचं वजन झपाट्यानं घटतं, पण पृष्ठभाग त्या मानानं कमी घटतो. पासष्ट किलोच्या माणसाच्या वाट्याला दर किलोमागे सुमारे २७० चौरस सेंटिमीटर त्वचा येते. पंधरा किलोच्या मुलाला दर किलोमागे ४२० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे उष्णता बाहेर पडायला दीडपटीहून मोठी खिडकी. त्वचेखालची चरबीही पातळ. डोकं तर शरीराच्या मानानं मोठं असतंच. नवजात बाळाच्या एकूण त्वचेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा डोक्याचा असतो, मोठ्या माणसाच्या बाबतीत तो दहाव्या हिश्शाहूनही कमी. डोक्यातून निम्मी उष्णता जाते, हे मोठ्यांच्या बाबतीत खरं नाही. पण आजी बाळाच्या डोक्यावरची टोपरी निघू देत नाही, त्याला भक्कम कारण आहे.

शिड्यांपाशी पोचलो तेव्हा पुढे रांग होती. सुट्टीच्या दिवशी तिथं असतेच. आम्ही कड्याच्या उघड्या बाजूला उभे होतो आणि वारा सुरू झाला होता.

वाऱ्याचा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो पॉल सायपल यांनी. १९२८ साली अमेरिकी शोधप्रवासी रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेबरोबर ते अंटार्क्टिकाला गेले तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे होते. अमेरिकेतल्या बालवीरांमधून, म्हणजे बॉय स्काउट मुलांमधून, त्यांची निवड झाली होती. पुढच्या एका मोहिमेत त्यांनी चार्ल्स पॅसल यांच्याबरोबर पाण्यानं भरलेली नळकांडी वाऱ्यात टांगली आणि किती वाऱ्यात पाणी किती वेळात गोठतं ते मोजलं. आपल्या कातडीला चिकटून कोमट हवेचा एक पातळ थर असतो, तेच आपलं सर्वांत आतलं कापड. वारा ते कापड सतत ओढून नेतो. आज वापरात असलेल्या सूत्रानुसार हवा ८ अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटर, तर उघड्या चेहऱ्याला ती ४ अंशांसारखी लागते. आणि हे सूत्र चालत्या प्रौढ माणसाला धरून बांधलेलं आहे. कॅरियरमध्ये निश्चल बसलेल्या मुलासाठी ते सौम्यच.

रांगेत दहा-बारा मिनिटं गेली असतील. बाकीची चार मुलं एकमेकांना कोपरं मारत, उड्या मारत होती. ती अंगानं गरम होती. मित्रांच्या मुलांना सोबत नेण्याचा हा मोठा फायदा: एकटं मूल वाटेत बसकण मारतं, चार मुलं असली की कुणीच बसत नाही, आणि हलते स्नायू म्हणजे पेटलेली चूल. पाठीवरची धाकटी मात्र गप्प होती. मघापर्यंत ती "बाबा, तो पक्षी बघ" करत होती. एका मैत्रिणीला ते खटकलं. तिनं हातमोजा काढून मुलीच्या कॉलरीतून मानेखाली पाठीवर हात घातला आणि म्हणाली, "अरे, ही गार पडलीय."

हात मानेखाली घालणं, हीच खरी तपासणी. मुलाचे तळहात गार लागले म्हणून घाबरायचं नसतं. थंडी वाजली की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि ऊब हृदय-मेंदूसाठी राखून ठेवतं. हात गार असणं ही त्या व्यवस्थेची खूण आहे. छाती किंवा पाठ गार लागली, तर राखीव साठाच कमी व्हायला लागलाय. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याला बर्फ लागत नाही. आठ-दहा अंशांची हवा, वारा आणि ओले कपडे एवढं पुरतं. आधी कुडकुडणं, मग चिडचिड, अडखळणं, बोबडं बोलणं, शेवटी सुस्ती. अजून थंडीत असलेल्या मुलाचं कुडकुडणं आपोआप थांबलं, तर ते बरं झालेलं नसतं. त्याच्याकडचं इंधन संपत आलेलं असतं. अगदी तान्ही बाळं तर धड कुडकुडतही नाहीत. त्यांच्या खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, आपण थोपटतो तिथंच, तपकिरी चरबी असते. ती जाळून ती ऊब मिळवतात. तो साठाही छोटाच असतो, म्हणून तान्ह्या बाळाला असल्या वाऱ्यात न्यायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलीला खडकाच्या आडोशाला नेलं. कॅरियरचे पट्टे मांड्यांना दाबत होते, त्यामुळे पावलं बर्फासारखी. मोजे हातात घेतले तर दमट लागले. पायथ्याजवळ ती हट्टानं थोडं चालली होती आणि दवानं भिजलेलं गवत, जे आपल्या गुडघ्यापर्यंत येतं, ते तिच्या कमरेपर्यंत होतं. पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक वेगानं उष्णता वाहून नेतं. शिवाय ओलं कापड वाळताना लागणारी उष्णता अंगातूनच घेतं. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, म्हणून डोंगरावरच्या थंडीत तो आतून नको. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही ओली लागत नाही. आमच्या मागून एक स्थानिक बाबा खांद्यावर घोंगडी टाकून चढत होते. त्यांच्याकडे बघून मला आमच्या महागड्या सॅकमधल्या सुती टी-शर्टांचं फार वाईट वाटलं.

मोजे बदलले, कानटोपी परत चढली, मित्रानं तिला आपल्या जॅकेटच्या आत छातीशी घेतलं. थर्मासमधलं कोमट दूध आणि राजगिऱ्याचा लाडू पोटात गेला. दहा मिनिटांनी ती खाली उतरली आणि "मी पण उड्या मारणार" म्हणाली. पुढच्या वाटेवर आम्ही नियमच केला: दर वीस मिनिटांनी कुणीतरी एक मोठं माणूस पाचही मुलांच्या मानेखाली हात घालणार, आणि धाकटी थोडं तरी चालणार.

उंचीचा त्रास कळसूबाईवर नसतो. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८० टक्क्यांहून अधिक असतो. पण हीच मित्रमंडळी पुढे डिसेंबरात मनालीला जातात आणि अटल बोगद्यातून तासा-दोन तासांत तीन हजार मीटरच्या वर, सिस्सूला पोचतात. तिथं दाब सत्तर टक्क्यांच्या आसपास येतो. लहान मूल डोकं दुखतंय असं सांगू शकत नाही. ते खात नाही, खेळत नाही, विनाकारण रडतं. असं दिसलं की खाली उतरायचं. ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत उसळतात, तेव्हा मुलांच्या डोळ्यांना काळा चष्मा हवाच.

रात्री मुक्काम भंडारदऱ्याला, तंबूत. पाण्याच्या अगदी काठावरची जागा सुंदर होती, पण सकाळचं धुकं डोळ्यांसमोर होतं. महाबळेश्वरला दरवर्षी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडच्या सखल भागातून, ते याच कारणानं. आम्ही चढावर, झाडांच्या जवळ तंबू लावले. मुलांच्या अंगाखाली दोन-दोन कॅरी मॅट घातल्या, कारण अंगाच्या वजनानं खालचं पांघरूण दबतं आणि जमीन ऊब ओढत राहते. कुणीतरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत ठेवू या म्हणालं. त्याला मी हात धरून थांबवलं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मुलांचा श्वास जलद, म्हणून विष आधी त्यांना भिनतं. बंद तंबूत किंवा खोलीत शेगडी कधीच नाही.

झोपण्याआधी मोठ्या मुलांना दोन थर्मामीटर दिले. एक त्यांनी माझ्या छातीच्या उंचीवर फांदीला टांगला, दुसरा उघड्या गवतात आडवा ठेवला. सकाळी उजाडायच्या आत तंबूची चेन ओढल्याचा आवाज आला, मग पळणारी पावलं, मग आरडाओरडा. गवतातला पारा फांदीवरच्यापेक्षा तीन अंश खाली होता. धाकटी दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होती. मग गवताजवळ उकिडवी बसली, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून उंची मोजली आणि बाबाला म्हणाली, "म्हणजे तू वरच्या हवेत असतोस, मी खालच्या."