गाडी येते, पण लायसन्सवर नाही: अनुभवी ट्रकचालकांसाठी हेवी लायसन्सचे मार्ग

क्लीनर म्हणून गाडीवर चढायचं, उस्तादाच्या हाताखाली रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग धरायचं आणि दोन-तीन वर्षांत स्वतः ड्रायव्हर व्हायचं, ही आपल्याकडे ट्रक शिकण्याची जुनी रीत. तिच्यातून फार चांगले चालक तयार झाले. पण मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘इतकी वर्षं ट्रक चालवला’ याला कुठे रकाना नाही. लायसन्सवर आज कोणता वर्ग नोंदलेला आहे आणि त्याची मुदत शिल्लक आहे का, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे अनुभवी चालकाने सुरुवात कुठून करायची, हे त्याच्याकडे सध्या कोणता कागद आहे यावर ठरतं.

हाती फक्त कारचं लायसन्स असेल तर

बहुतेकांची अडचण हीच असते. लायसन्स आहे, पण ते एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं. इथे आधी एक दिलासा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की, ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं व्यावसायिक वाहन चालवायला एलएमव्ही लायसन्स पुरेसं आहे, ‘ट्रान्सपोर्ट’ची वेगळी नोंद लागत नाही. हे वजन भरलेल्या गाडीचं धरतात आणि ते आरसी बुकावर लिहिलेलं असतं. छोटा हत्ती, पिकअप, लहान टेम्पो चालवणाऱ्यांनी त्यामुळे विनाकारण हेवीच्या मागे लागू नये. धोकादायक मालाला मात्र ही सवलत नाही.

गाडी ७,५०० किलोच्या वर गेली की ट्रान्सपोर्ट वर्गाची, म्हणजे बोलीभाषेत हेवीची, नोंद हवीच. त्यासाठी वय किमान २० वर्षं आणि एलएमव्ही लायसन्स मिळून किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. शिक्षणाची अट आता नाही. आठवी पास असण्याचा नियम केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकला. शाळा अर्धवट सुटली म्हणून वर्षानुवर्षं लायसन्सविना गाडी हाकणाऱ्या कितीतरी जणांना हे अजून माहीत नाही, आणि काही एजंट आजही ‘दाखल्याची सोय करतो’ म्हणून पैसे मागतात. असा दाखला कुणी विकत घेऊ नये. तो लागतच नाही, आणि खोटा निघाला तर गुन्हा मात्र होतो.

ज्याच्याकडे कसलंच लायसन्स नाही, त्याने रस्ता जरा लांबचा धरायचा. आधी एलएमव्हीचं लर्निंग, ३० दिवसांनी एलएमव्हीची परीक्षा, मग एक वर्षाची वाट, मग ट्रान्सपोर्टचं लर्निंग. सगळं सुरळीत झालं तरी चौदा-पंधरा महिने जातात. वयाची विशी ओलांडली असेल तर मधल्या वर्षात वर सांगितलेली हलकी मालवाहू गाडी चालवून पोट भरता येतं, तेही कायद्यात राहून.

फॉर्म ५: अनुभवी चालकाची खरी अडचण

ट्रान्सपोर्टच्या अर्जाला मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यालाच फॉर्म ५ म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे व्यावसायिक वाहनाचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १५ तास असतात. शाळेला या तासांची नोंदवही ठेवावी लागते.

‘मी पंधरा वर्षं मुंबई-इंदूर मारतोय, मला कोण शिकवणार?’ असं चालक म्हणतात आणि त्यांचा राग मला पटतो. तरीही कागद नुसता विकत घेण्यापेक्षा ते १५ तास खरोखर भरावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. उस्तादाकडे शिकताना गिअर, क्लच आणि घाटाचा अंदाज पक्का होतो. पण रस्त्यावरच्या खुणांचा अर्थ, आरशांचा वापर, वाहनाच्या आजूबाजूचे आंधळे कोपरे आणि एअर ब्रेकची रोजची तपासणी या गोष्टी कुणी बसून सांगितलेल्या नसतात. परीक्षेत माणूस नापास होतो तोही यांच्यातच. स्कूल निवडताना एकच गोष्ट विचारा: तुमच्या परवान्यात हेवी वाहन आहे का आणि ते वाहन कुठे उभं आहे? फक्त कार शिकवणाऱ्या शाळेचा हेवीचा फॉर्म ५ चालत नाही.

दुसरा मार्ग आहे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ही केंद्रं चालतात. तिथे सिम्युलेटर आणि चाचणीचा ट्रॅक असतो. जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवड्यांत पूर्ण करायचा असतो. फायदा मोठा आहे. इथून उत्तीर्ण होऊन फॉर्म ५बी मिळाला की आरटीओची ड्रायव्हिंग चाचणी द्यावी लागत नाही. ज्याला गाडीवरून सहा आठवडे सुटी काढणं जमतं, त्याने हाच मार्ग धरावा. मात्र साधी ड्रायव्हिंग स्कूल ‘आमच्याकडे चाचणी माफ’ असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ही सूट फक्त या मान्यताप्राप्त केंद्रांनाच आहे.

अर्ज आणि चाचणी

अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर करायचा. आधी ट्रान्सपोर्टचं लर्निंग लायसन्स. ते सहा महिने चालतं, पण पक्क्या चाचणीला पहिले ३० दिवस जाता येत नाही. मग ‘लायसन्समध्ये वर्ग वाढवणे’ हा अर्ज. सोबत मूळ लायसन्स, लर्निंग, फॉर्म ५ किंवा ५बी, आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १अ. महाराष्ट्रात नोंदणी केलेले डॉक्टर हा फॉर्म थेट ऑनलाइन भरतात. त्यात नजर, रंग ओळखणं आणि ऐकू येणं तपासलेलं असतं. चष्मा लागत असेल तर तो लावूनच जावं. लपवण्यात तुमचंच नुकसान आहे.

केंद्रीय नियमांतलं शुल्क असं: लर्निंग १५० रुपये, चाचणी ३०० रुपये, वर्ग वाढवणं ५०० रुपये. कार्ड आणि टपालाचा खर्च वेगळा. म्हणजे सरकारी खर्च हजाराच्या आसपास आहे. त्याच्या वर जे काही मागितलं जातं ते स्कूलचं किंवा एजंटचं असतं, आणि ते कशाचं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

चाचणी त्याच प्रकारच्या गाडीवर होते. ट्रकचा वर्ग हवा तर ट्रकच न्यावा लागतो, आणि त्याची आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी चालू असावं लागतं. गाडी बहुतेक वेळा स्कूलचीच मिळते. सीटबेल्ट, आरसे जुळवणं, वळण्याआधी इशारा आणि रिव्हर्स या चार गोष्टींकडे निरीक्षकाचं बारीक लक्ष असतं. सराईत हात इथेच घाई करतात. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं तर ६० दिवस थांबावं लागतं आणि सुधारणा प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

मुदत संपलेली असेल तर

ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षं झाली. पूर्वी ती तीन वर्षं होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. वर्ष उलटलं की चाचणी पुन्हा द्यावी लागते.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालतं, ही जुनी सवलत २०१९ मध्येच गेली. आता मुदत संपली की दुसऱ्या दिवशीही तुम्ही लायसन्सविना आहात. नूतनीकरण झालं तरी ते झाल्या तारखेपासून धरतात, मधले दिवस भरून निघत नाहीत. नेमका त्या दिवसांत अपघात झाला, तर विमा कंपनी जखमींना पैसे देऊन नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. विनालायसन्स चालवल्याबद्दल चालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा कायद्यात आहे. म्हणून मुदतीची तारीख मालकानेही आपल्या वहीत लिहून ठेवावी.

जुनं पुस्तकी लायसन्स असणाऱ्यांची अडचण वेगळी. ते सारथीवर दिसतच नाही, त्यामुळे कोणताच अर्ज पुढे सरकत नाही. ज्या कार्यालयाने ते दिलं, त्याच कार्यालयाकडून जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. परराज्यातलं असेल तरी तसंच. हेलपाटा होतो, पण कंटाळून दुसरीकडे नवीन लायसन्स काढायला जाऊ नका. एका माणसाकडे दोन लायसन्स असणं कायद्याने मना आहे.

सैन्यात गाडी चालवलेल्यांना मात्र सूट आहे. सैन्यदलाने त्याच वर्गाच्या वाहनाचं लायसन्स दिलेलं असेल तर कायद्याच्या कलम ९ प्रमाणे चाचणी लागत नाही. सेवेची कागदपत्रं जपून ठेवा.

टँकर आणि धोकादायक माल

पेट्रोल, डिझेल, गॅस, अमोनिया, ॲसिड वाहून न्यायचं असेल तर हेवी लायसन्स पुरेसं नाही. त्यावर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते. त्यासाठी राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. बचावात्मक ड्रायव्हिंग, आग आणि गळतीच्या वेळी काय करायचं, टँकरवरची धोक्याची पाटी व तिच्यावरचे आकडे कसे वाचायचे आणि केबिनमध्ये ठेवायचं ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचा धोका आणि आणीबाणीतले उपाय लिहिलेलं कार्ड, कसं वापरायचं, हे सगळं त्यात असतं. एक अट इथे कायम आहे: राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली किमान एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. आठवीची अट गेली म्हणून ही गेली असं समजू नका.

प्रमाणपत्र मिळालं की साध्या कागदावर अर्ज, लायसन्स, प्रमाणपत्र आणि १०० रुपये शुल्क एवढंच लागतं. ही नोंद तीन वर्षं चालते, आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागतो. तीन वर्षं आणि पाच वर्षं अशा दोन वेगळ्या तारखा एकाच लायसन्सवर असतात. हेवीची मुदत पाहून टँकरचालक निर्धास्त राहतो आणि डेपोच्या गेटवर गाडी अडते, असं होतं. एका दिवसाच्या वर्गाची जागा वेळेत मिळेलच असं नाही, तेव्हा दोन-तीन महिने आधीच नाव नोंदवा.

काही ठिकाणी ‘अनुभवाचं प्रमाणपत्र’ म्हणून कौशल्य विकास योजनेतलं पूर्वानुभव मान्यतेचं प्रमाणपत्र मिळतं. मोठ्या वाहतूक कंपनीत नोकरी मागताना त्याचा उपयोग होतो, ते जरूर घ्या. पण ते लायसन्स नव्हे, फॉर्म ५ च्या जागीही ते चालत नाही. आणि मालवाहू ट्रकला बॅज लागत नाही. तो प्रवासी वाहनाच्या चालकांसाठी आहे, त्यामुळे ट्रकचालकाकडे बॅजचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.