प्रतिबंधात्मक फिजिओथेरपी (नागपूर)

दुखणं सुरू व्हायच्या आधीच फिजिओकडून सांधे, स्नायूंची ताकद आणि तोल तपासून घ्यायचा आणि जिथे कमी पडतंय तिथले व्यायाम लावून घ्यायचे, याला प्रतिबंधात्मक फिजिओथेरपी म्हणतात. 'भौतिकोपचार' हा मराठी शब्द फक्त बोर्डावरच दिसतो. नागपुरात फिजिओ म्हटलं की लोकांना आठवतो तो शेक, करंटचं मशीन आणि दहा दिवसांचं पॅकेज, म्हणजे आधी कंबर धरते आणि मग धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या चकरा सुरू होतात. दुखत नसताना कोण जातं बाप्पा!

तपासणीला मोठं मशीन लागत नाही. खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, आणि वयस्कर माणसाला याला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. दुसरी टेस्ट म्हणजे हात छातीवर बांधून 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजायचं. आमच्या बाबांनी घरी करून पाहिलं तर पहिल्याच वेळी हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेला, वर म्हणतात खुर्चीच खोल आहे.

इथल्या कंबरदुखीत कूलरचाही वाटा असतो. उन्हाळा लागला की कूलर निघतो, नवीन वाळा लागतो, आणि मग रोज पाणी भरणं. 15 लिटरची बादली म्हणजे 15 किलो, ती खिडकीच्या उंचीला नेऊन कमरेतून वळून ओतायची, उसण भरते ती इथेच. फिजिओ सांगतात बादली अर्धीच भरा, अंगाशी धरा, कंबर नका वळवू, पाय वळवा. पण नुसत्या पद्धतीनं भागत नाही, मांड्या आणि नितंबाच्या स्नायूंत ताकद पाहिजे, म्हणून तीच बादली थोडं थोडं पाणी वाढवत जमिनीवरून उचलायचा व्यायामही देतात.

45 डिग्रीत फुटाळा-अंबाझरी तलावांवरचं फिरणं सुटतं आणि थंडी पडली की तेच लोक एकदम 10 किमी पळायला लागतात. स्नायू लवकर तयार होतात, पण हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, म्हणजे टेंडनला, जास्त वेळ लागतो, म्हणून टाच धरते. क्रिकेट-फुटबॉलवाल्या पोरांची मांडी मागून ओढली जाते, त्यावर 'नॉर्डिक' नावाचा व्यायाम आहे (गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे धरायचे, हळूहळू पुढे झुकत जायचं) आणि तो नियमित केला तर अशा दुखापती जवळपास निम्म्यावर येतात असं अभ्यासांत दिसलंय.

'गुडघ्यातलं ग्रीस संपलं' म्हणून चालणं बंद करणारे घरोघरी आहेत. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांध्यातल्या द्रवातूनच तिला पोषण मिळतं आणि तो द्रव आत-बाहेर होतो हालचालीनं, त्यामुळे बसून राहणं उलटंच पडतं. जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्यात किमान 3 दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते.

व्यायाम लावून घ्यायचा तर बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेल्या, नोंदणी असलेल्या माणसाकडूनच. पायात अचानक जोर राहिला नाही, लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर मात्र फिजिओकडे वेळ घालवायचा नाही, थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठायची.