कुत्र्यानं गोळ्या गिळल्या, तर आधी पाकीट उचला

खानापूर तालुक्यात पावसाची झड लागली की कंबरदुखीच्या गोळ्या घरोघरी खिडकीत, उशाखाली, फळीवर दिसायला लागतात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंच्या ओट्यावर असंच एक पाकीट सापडलं, दातांनी चावून चोळामोळा झालेलं. दहातल्या सहा गोळ्या गायब आणि राजा समोर शेपूट हलवत उभा. "मिठाचं पाणी पाजूया की, सगळं बाहेर पडतंय बघ," म्हणत काकू तांब्या भरायला निघाल्या. मी त्यांना थांबवलं.

हा उपाय आपल्याकडे फार रुजलाय, म्हणून स्पष्टच सांगतो. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात उतरतं, मेंदूतल्या पेशींमधलं पाणी ओढलं जातं आणि कुत्र्याला झटके येऊ शकतात. दुधानंही औषध मारलं जात नाही. घशात बोटं घालू नयेत. कुत्रा गुंगीत असेल तर उलटी श्वासनलिकेत जायची भीती असते.

त्याऐवजी पाकीट उचलायचं, गोळ्या मोजायच्या, कुत्र्याचं वजन आठवायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. राजा बारा किलोचा, गोळी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची. सहा गोळ्यांचे २४००, म्हणजे किलोमागे २००. कुत्र्याच्या पोटात साधारण किलोमागे २५ ते ५० मिलिग्रॅमपासून व्रण पडू शकतात. १७५ च्या पुढे मूत्रपिंडाला धोका. पोटाच्या अस्तराला जपणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारी रसायनंच हे औषध बंद पाडतं. शिवाय पित्तावाटे ते पुन्हा आतड्यात येतं, म्हणून कुत्र्याच्या शरीरात रेंगाळतं. उलटी करवणारं इंजेक्शन पहिल्या तास-दोन तासांतच खरं उपयोगी पडतं. नंतर ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं औषध धरून ठेवणारी खास काळी पूड, आणि सलाईनवर भर असतो. चुलीतला कोळसा म्हणजे तो चारकोल नव्हे.

मला जास्त धास्ती वाटते ती टीबीच्या गोळ्यांची. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या मोठ्यांच्या चार औषधांच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयसोनियाझिड असतं. आपलं यकृत एका विशिष्ट एन्झाइमच्या मदतीनं ते निकामी करतं. कुत्र्यांमध्ये त्या एन्झाइमची जनुकंच नाहीत. दहा किलोच्या कुत्र्यानं सात गोळ्या खाल्ल्या तर ५२५ मिलिग्रॅम होतात. एवढ्यानं जीव जाऊ शकतो. हे औषध ब जीवनसत्त्वांपैकी बी-६ चं काम बंद पाडतं. मेंदूला शांत ठेवणारं रसायन त्याच बी-६ वर तयार होतं. ते घटलं की झटके सुरू होतात, कधी अर्ध्या तासात. उतारा म्हणजे तेच बी-६, जेवढं आयसोनियाझिड पोटात गेलं तेवढ्याच वजनाचं, शिरेतून. पण डॉक्टरांना औषधाचं नावच कळलं नाही, तर हा उतारा त्यांना सुचणार कसा? म्हणून घरात टीबीचा रुग्ण असेल तर ते फोनवर लगेच सांगा, लपवू नका.

राजाला बेळगावला नेईपर्यंत पाऊण तास गेला. चावलेलं पाकीट काकूंनी पदरात बांधून आणलं होतं. डॉक्टरांनी त्यावरचं नाव वाचलं आणि लगेच उलटीचं इंजेक्शन दिलं. चार गोळ्या अर्धवट विरघळलेल्या निघाल्या. संध्याकाळी राजा अगदी टवटवीत दिसत होता, तरी डॉक्टरांनी तीन दिवस रोज रक्त तपासायला बोलावलं. मूत्रपिंडाचं दुखणं उशिरा दिसतं. पोटातल्या व्रणातून रक्त गेलं की शी काळी होते, म्हणून काकू रोज सकाळी परसात त्याच्या मागोमाग जाऊन शी काळी तर नाही ना, हे वाकून पाहत होत्या.