गृहभेट (ग्रामीण विदर्भातील माता-बाल आरोग्यसेवा)

गरोदर स्त्री, बाळंतीण, नवजात बालक आणि लहान मूल असलेल्या कुटुंबाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन तपासणी करणे, सल्ला देणे आणि गरज पडल्यास रुग्णालयात पाठवण्याची सोय लावणे या सेवेला गृहभेट म्हणतात. विदर्भातील खेड्यांत हे काम मुख्यतः आशा स्वयंसेविका, उपकेंद्रातील आरोग्यसेविका व अंगणवाडी सेविका करतात आणि त्यांच्यावर गटप्रवर्तक व प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्य सहायिका देखरेख ठेवतात. गावात त्यांना आशाताई, सिस्टर, अंगणवाडीताई असे म्हणतात. लसीचे इंजेक्शन आणि पोलिओचा डोस यांमुळे त्या घराघरांत परिचित आहेत. परंतु लस किंवा गोळ्या हाती नसताना त्या घरी येतात तेव्हा तीही एक स्वतंत्र आरोग्यसेवा असते, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. ‘आज काही आणले नाही, मग कशाला आल्या’ असे वाटून भेट दारातच आटोपली जाते, आणि ज्या तपासणीने बाळाचा जीव वाचू शकतो ती राहून जाते.

घरोघर जाणाऱ्या आरोग्य कर्मचारी स्त्रीची कल्पना इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुमारास मँचेस्टर-सॅल्फर्ड भागात रुजली. भारतात अशा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीत १९१८ मध्ये लेडी रीडिंग हेल्थ स्कूल सुरू झाले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमण्याचे धोरण ठरले. उपकेंद्र मैदानी भागात पाच हजार, तर आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे असावे असा निकष आहे. मात्र मेळघाटात किंवा दक्षिण गडचिरोलीत ही तीन हजार माणसे एकमेकांपासून दूर पसरलेल्या पाड्यांत आणि टोल्यांत राहतात, हे निकषाच्या आकड्यावरून कळत नाही.

या सेवेच्या इतिहासात विदर्भाचे स्थान मोठे आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत सेवा आणि ४७ गावांत केवळ नोंद अशी तुलना केली. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. जन्मतः न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे, जंतुदोष ओळखून त्यावर प्रतिजैविक देणे ही कामे त्या घरीच करू लागल्या. तुलनेतील गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात बाळाची काळजी रुग्णालयाबाहेर घेताच येत नाही, या समजाला त्यामुळे तडा गेला. २०११ मध्ये ‘घरच्या घरी नवजात बालकाची काळजी’ हा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर आशांमार्फत सुरू झाला.

या कार्यक्रमानुसार दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट होते. बाळंतपण घरी झाले असल्यास पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते. २०१८ पासून तीन, सहा, नऊ, बारा व पंधरा महिन्यांच्या भेटीही सुरू झाल्या. तिसऱ्या दिवसाची भेट नीट झाली तर ती अशी असते. आशा प्रथम साबणाने हात धुते. बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून वजन घेते, काखेत थर्मामीटर लावते, छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते आणि ते साठ किंवा त्याहून अधिक भरले तर पुन्हा मोजते. नाळ ओली किंवा लाल आहे का, अंगावर पुवाचे फोड आहेत का, हातपाय ढिले पडले आहेत का, हे ती पाहते. मग आईला समोर बाळाला पाजायला सांगते, कारण बाळ दूध ओढते की नुसते तोंड लावते हे विचारून कळत नाही, बघावे लागते. आईलाही प्रश्न विचारले जातात: चोवीस तासांत किती वेळा पोटभर जेवलीस, रक्तस्रावामुळे कपडा किती वेळा बदलावा लागला, ताप आहे का. बाळंतिणीला मोजके खाऊ घालण्याची रीत अनेक घरांत आहे. तिथे जेवणाचा हा साधा प्रश्न सासूच्या कानावर पडतो, हाही भेटीचा एक लाभच होय. चीक काढून टाकू नये, पहिल्या दिवसांत बाळाला अंघोळ घालू नये, घुटी देऊ नये, ही बोलणी आजी घरात असतानाच व्हावीत, कारण बाळाबाबतचा निर्णय बहुधा तिचा असतो.

भेटी चुकण्याची कारणे गावाच्या जगण्यातच असतात. पहिले बाळंतपण माहेरी होते, पण नोंद सासरच्या उपकेंद्रात असते. बाई सातव्या महिन्यात माहेरी गेली की सासरची आशा तिला गाव सोडून गेलेली समजते, माहेरच्या आशेच्या यादीत तिचे नाव नसते, आणि सर्वांत जोखमीचे दिवस दोन गावांच्या मध्ये हरवतात. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेणे आणि माहेरी पोहोचताच तिथल्या आशेला कळवणे एवढ्याने हा खंड टळतो; हे मात्र कुटुंबाला आधी कोणीतरी सांगितलेले असावे लागते. कापूस वेचणीच्या हंगामात बाया सकाळीच शेतात जातात, म्हणून भेट दिवस उगवताना किंवा दिवेलागणीला करावी लागते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात तेव्हा भेटींचा क्रमच तुटतो. तिथे लेकराचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा अजून पूर्णपणे गेलेली नाही. भुमकाला, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूला, हिणवणाऱ्या आशेपेक्षा त्याच्याशी बोलून लेकरू वेळेत दवाखान्यात पाठवायला लावणारी आशा अधिक काम साधते.

जाणीवजागृतीसाठी भिंतीवरच्या घोषणा पुरत नाहीत. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. गावकऱ्यांनीच सेवांचे प्रगतिपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे, ही तिची रीत. कोणत्या दिवशी कोणती भेट व्हायला हवी हे माहीत असलेली बाईच ‘सातव्या दिवशी कोणी आले नाही’ असे सभेत उभी राहून सांगू शकते. ग्रामसभेत आणि महिन्याच्या आरोग्य व पोषण दिवशी, विशेषतः सासवा व बापांसमोर, भेटींचे वेळापत्रक वाचून दाखवणे म्हणूनच उपयोगी ठरते.

आशा ही वेतनी कर्मचारी मानली जात नाही. तिला प्रामुख्याने कामागणिक मोबदला मिळतो आणि नवजात बाळाच्या सर्व भेटी पूर्ण केल्यावर त्यासाठी केंद्राने ठरवलेली रक्कम २५० रुपये आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला, तरी मोबदल्यासाठी त्यांना वारंवार संप करावा लागला आहे. तिची भेट ही उपकाराची किंवा फावल्या वेळची गोष्ट नव्हे, हे गावाला पटले तर या मागणीलाही बळ येईल.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क तुटतो. अशा भागांसाठी आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ची सोय आहे, तिथे दिवस भरत आलेली स्त्री बाळंतपणाआधी काही दिवस राहू शकते. कोणत्या घरात कोणाचे दिवस भरत आले आहेत हे आशेच्या नोंदवहीत असते, आणि पूर येण्याआधी त्या घरी जाऊन कुटुंबाला निघायला तयार करणे ही तिची पावसाळ्याच्या तोंडावरची गृहभेट असते.