कातडीचा टाका

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत हाताने शिवलेली एखादी चप्पल उलटी करून पाहिली, तर तळाचे थर चामड्याच्याच बारीक वादीने एकमेकांना शिवलेले दिसतात. वादी कुजली की चामडे कितीही पक्के असले तरी थर सुटतात. आपल्या त्वचेतही असाच टाका असतो. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्यामध्ये एक पातळ पटल असते. त्यातून निघालेले सातव्या प्रकारच्या कोलाजेन या प्रथिनाचे तंतू खालच्या जाड तंतूंना वेढा घालून दोन्ही थर बांधून ठेवतात. एपिडर्मोलायसिस बुलोसा या दुर्मिळ आनुवंशिक विकाराच्या एका प्रकारात, तिसऱ्या गुणसूत्रावरील जनुकाच्या दोषामुळे, हा टाकाच नीट पडत नाही, आणि बाळाचे अंगडे काढताना किंवा त्याला काखेत धरून उचलतानाही कातडी सुटून पाण्याचा फोड येतो.

‘आईने ग्रहण पाळले नाही’ हा ठपका अशा वेळी ठरलेला असतो. या विकाराच्या अप्रभावी (रिसेसिव्ह), म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच दिसणाऱ्या प्रकारात आईवडील दोघेही धडधाकट असतात, पण दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते, त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात बाळाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्याकडच्या रीतीने अशा दोन प्रती एकत्र येणे सोपे होते. ग्रहणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

फोड वरून सारखेच दिसतात, म्हणून फट नेमकी कुठे पडली हे शोधावे लागते. डॉक्टर त्वचा हलकेच घासून ताजा फोड उठवतात, त्याच्या कडेचा तुकडा काढतात आणि त्यावर चकाकणारी प्रतिद्रव्ये, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू, सोडतात. चौथ्या प्रकारचे कोलाजेन मधल्या पटलातच असते. त्याची चमकती रेघ फोडाच्या छताला दिसली, तर फट पटलाच्या खाली, म्हणजे दोष सातव्या कोलाजेनचा. तळाला दिसली, तर फट वर, म्हणजे केराटिन, लॅमिनिन किंवा तिथल्याच एखाद्या प्रथिनाकडे बोट जाते. एका रेघेच्या जागेवरून एवढे कळावे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. पक्के शिक्कामोर्तब जनुकचाचणी करते.

सातव्या कोलाजेनच्या दोषावर अमेरिकेत मे 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या जेलमध्ये वाढू न शकणारा, नागीण या रोगाच्या विषाणूच्या कुळातला एक विषाणू त्या कोलाजेनचे निर्दोष जनुक जखमेतल्या पेशींत पोहोचवतो. बातम्यांतला ‘कायमचा इलाज’ मात्र खरा नव्हे: हे जनुक पेशीच्या गुणसूत्रात रुजत नाही, त्यामुळे जेल पुन्हा पुन्हा लावावे लागते. जाहिरातीतली कोलाजेन पावडर तर पोटातच पचून जाते. घरी रोज करायचे ते एवढेच: निर्जंतुक सुईने फोड खालच्या कडेला टोचून पाणी काढावे, वरची कातडी तशीच ठेवावी आणि जखमेला न चिकटणारी पट्टी, चिकटपट्टी न वापरता, मऊ कापडाने बांधावी.